नवीन टॅब उघडला की समोर काय असावं? ऑफिसचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ॲडमिनसाठी

कंट्रोल आणि टी एकत्र दाबलं की ब्राउझर एक जवळपास कोरं पान पुढं करतो. मधोमध शोधायची चौकट, खाली नेहमीच्या साइट्सची चिन्हं. घरी बातमी किंवा रेसिपी शोधणाऱ्याला एवढं पुरतं. पण ऑफिसातलं मोठं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस हे पान दिवसभरात शेकड्यानं उघडतो आणि तिथून पुढचा रस्ता दर वेळी नव्यानं शोधतो. म्हणून हे पान हवं तसं मांडून देणारी छोटी छोटी साधनं निघाली आहेत. ती कशी चालतात, बसवायची की स्वतः करायची, आणि त्यात धोका नेमका कुठं असतो, हे सगळं उलगडून पाहू.

उदाहरण सेल्सफोर्सचं घेतो. ग्राहकांची माहिती, विक्रीचा हिशेब, तक्रारी हे सगळं ठेवणारं हे सॉफ्टवेअर पूर्णपणे ब्राउझरमध्येच चालतं. पुण्यात हिंजवडी-खराडीकडे ते सांभाळण्याचं काम करणारे मराठी लोक भरपूर आहेत. जिथं जिथं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, तिथं पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

एकसारखी दिसणारी दारं

ॲडमिन म्हणजे नव्या माणसाला लॉगिन देणारा, कुणाचा पासवर्ड अडकला तर सोडवणारा, कुणाला काय दिसावं ते ठरवणारा, फॉर्ममध्ये नवा रकाना घालणारा. सेल्सफोर्समध्ये कंपनीच्या संपूर्ण मांडणीला ‘ऑर्ग’ म्हणतात. जिथं खरा धंदा चालतो ती प्रॉडक्शन ऑर्ग, बोलण्यात ‘प्रॉड’. आणि तिच्या ज्या नकलांवर बदल करून बघायचे, ते सँडबॉक्स. मध्यम आकाराच्या कंपनीतसुद्धा एक प्रॉड आणि चार-पाच सँडबॉक्स असतात: एक डेव्हलपरचा, एक टेस्टिंगचा, एक युजर लोकांनी तपासून बघायचा, म्हणजे यूएटी.

आता गंमत नाही, अडचण अशी, की ही सगळी घरं आतून हुबेहूब सारखी. तोच मेन्यू, तीच बटणं, तेच रंग. बारा सारखे टॅब उघडे असताना यूएटी समजून प्रॉडमधला रकाना डिलीट झाला, तर तो १५ दिवसांच्या आत परत आणता येतो, त्यातली माहितीही येते. पण ज्या ज्या पेज लेआउटवर, म्हणजे फॉर्मच्या मांडणीवर, तो लावलेला होता, तिथं तो आपोआप परत बसत नाही. एकेका लेआउटवर हातानं लावावा लागतो. तोवर तीस जणांचे फोन येऊन गेलेले असतात. नवीन टॅबचं पान वेळ वाचवतं म्हणून चांगलं, असं सगळे सांगतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हा, की दार उघडण्याआधीच ते दार कुठलं आहे हे डोळ्यांना कळतं.

हे पान कुणाच्या ताब्यात असतं?

क्रोमच्या सेटिंगमध्ये होमचं बटण आणि ब्राउझर सुरू होताना उघडायची पानं बदलता येतात. नवीन टॅबवर अमुक पत्ता उघड, असं मात्र तिथं सांगता येत नाही. लोक इथंच फसतात: होमपेज बदलतात आणि नवीन टॅब तसाच का, म्हणून वैतागतात. नवीन टॅब बदलायचे रस्ते दोनच.

पहिला, कंपनीच्या पॉलिसीचा. पॉलिसी म्हणजे कंपनीच्या आयटी विभागानं सगळ्या संगणकांवरच्या ब्राउझरला एकदम लावलेला नियम. क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज या दोन्ही ब्राउझरांत ‘न्यू टॅब पेज लोकेशन’ नावाची पॉलिसी आहे; तिच्यात पत्ता लिहिला की प्रत्येक नवीन टॅबवर तो उघडतो. विंडोजवर क्रोमची ही पॉलिसी फक्त कंपनीच्या डोमेनला, म्हणजे तिच्या संगणकांच्या जाळ्याला, किंवा क्रोमच्या व्यवस्थापनाला जोडलेल्या मशीनवरच चालते, म्हणून घरच्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत, लिहूनही काही होत नाही. लागली की नाही हे बघायला पत्त्याच्या पट्टीत क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेषा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. लागू असलेल्या सगळ्या पॉलिसींची यादी येते. या रस्त्यातली खोट अशी, की पान कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर ठेवलं आणि व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारा दुवा, तुटला, तर प्रत्येक नवीन टॅब ‘साइट उघडत नाही’ म्हणतो.

दुसरा रस्ता एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा. त्याचं पान तुमच्याच मशीनवर असतं, त्यामुळे नेट नसतानाही उघडतं. दोन मर्यादा आधीच माहीत असाव्यात. इनकॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणाऱ्या खासगी खिडकीत ते दिसत नाही. आणि टॅब उघडल्यावर कर्सर नेहमी पत्त्याच्या पट्टीतच जातो. पानावर कितीही सुंदर शोधचौकट बनवली तरी त्यात आपोआप टाइप होत नाही. तो एक्स्टेन्शनचा दोष नाही, ब्राउझरनं ठरवलेलं आहे.

पानाला किती कळू द्यायचं?

इथं थोडं थांबावं लागेल, कारण याच एका निर्णयावर बाकी सगळं उभं आहे.

सोसायटीत जिन्याशी नावांची पाटी असते: कोण कितव्या मजल्यावर, कुठल्या फ्लॅटमध्ये. आणि वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्यांना किल्ल्या लटकवलेल्या असतात. पाटी कुणी वाचली तरी घर उघडत नाही. किल्ल्यांचं तसं नाही. नवीन टॅबच्या पानानं पाटीचं काम करावं. बाजारातली बरीच एक्स्टेन्शन्स मात्र जास्त सोय द्यायच्या नादात किल्ल्याही मागतात: ऑर्गमधली माहिती थेट पानावर दाखवतो, रेकॉर्ड शोधून देतो, एका क्लिकवर आत सोडतो.

हे ती कशी करतात? तुम्ही लॉगिन केलं की साइट ब्राउझरकडे एक खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. हॉस्पिटलात पेशंटला भेटायचा पास मिळतो तसं: दारावरचा माणूस पास बघतो, चेहरा नाही. सेल्सफोर्सनं १ फेब्रुवारी २०२२ पासून दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाइलवरची मंजुरी, बंधनकारक केली. पण पास मिळतो तो ही पडताळणी झाल्यावर. त्यामुळे तो पास कुणी उचलला, तर सत्र, म्हणजे ते लॉगिन, चालू असेपर्यंत पडताळणी त्याला अडवत नाही. आणि ज्या एक्स्टेन्शनला कुकी वाचायची आणि त्या साइटवर जायची परवानगी आहे, त्याला हा पास वाचता येतो, अगदी साइटच्या स्वतःच्या स्क्रिप्टपासून लपवलेला असला तरी. ॲडमिनचा पास म्हणजे सगळ्या कंपनीचा पास.

“पण आम्ही खात्रीच्या लोकांचंच एक्स्टेन्शन घेतो.” बरोबर आहे. पण बनवणारे भले असूनही घात होऊ शकतो. सायबरहेवन ही कंपनी माहितीची चोरी रोखणारं सॉफ्टवेअर बनवते. २४ डिसेंबर २०२४ ला तिच्या एका कर्मचाऱ्याला क्रोमच्या एक्स्टेन्शन स्टोअरकडून आल्यासारखा दिसणारा ईमेल आला. त्यानं गूगलच्या खऱ्याच परवानगीच्या पानावर होकार दिला, आणि हल्लेखोरांच्या हाती एक्स्टेन्शन प्रसिद्ध करायचा अधिकार गेला. त्यांनी बिघडवलेली आवृत्ती स्टोअरवर चढवली आणि ती चालू मशीनवर आपोआप अपडेट झाली. कंपनीला दुसऱ्या दिवशी कळलं आणि आवृत्ती काढली गेली, पण मधल्या वेळात कुकी चोरणारा कोड लोकांच्या ब्राउझरमध्ये चालत होता. त्याआधीचं ग्रेट सस्पेंडर हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये दुसऱ्याच्या मालकीचं झालं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते घातक ठरवून काढून टाकलं. ज्यांनी ते त्याच्या चार-पाच वर्षं आधी विश्वासानं बसवलं होतं, त्यांनी मधल्या काळात काहीच केलं नव्हतं. मालक बदलल्याची चिठ्ठी ब्राउझर देत नाही.

म्हणून बसवताना परवानग्या वाचा. नुसतं नवीन टॅबचं पान बदलायला कुठल्याही साइटवर जायची परवानगी लागत नाही. ‘सर्व वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचणं आणि बदलणं’ असं लिहून आलं, तर ते एक्स्टेन्शन पाटीपेक्षा बरंच काही मागतंय. नंतरच्या अपडेटमध्ये जास्त गंभीर परवानगी मागितली, तर क्रोम एक्स्टेन्शन बंद करून तुम्हाला पुन्हा विचारतो. त्या वेळी घाईत होकार देऊ नका. पण पहिल्याच दिवशी सगळं देऊन बसलात, तर पुन्हा विचारण्याची वेळच येत नाही.

स्वतःचं पान: तीन फायली

साध्या पाटीसाठी बाहेरचं काही घ्यायची गरज नाही. एका फोल्डरमध्ये तीन फायली पुरतात.

पहिली मॅनिफेस्ट डॉट जेसन, म्हणजे एक्स्टेन्शनचं ओळखपत्र. तिच्यात मॅनिफेस्टची आवृत्ती ३, एक्स्टेन्शनचं नाव, त्याची स्वतःची आवृत्ती, आणि ‘क्रोम यूआरएल ओव्हरराइड्स’ या नावाखाली ‘न्यूटॅब’ समोर आपल्या पानाच्या फायलीचं नाव. आवृत्ती २ वर लिहिलेली जुनी उदाहरणं नेटवर अजून पडलेली आहेत. ती उचलू नका, क्रोमनं २०२५ मध्ये त्यांचा आधार काढून घेतला. दुसरी फाइल पानाची, एचटीएमएल. तिसरी जावास्क्रिप्टची. परवानग्यांच्या यादीत फक्त ‘स्टोरेज’.

मग क्रोमचं एक्स्टेन्शन्सचं पान उघडायचं, उजवीकडे वर ‘डेव्हलपर मोड’ चालू करायचा, ‘लोड अनपॅक्ड’ दाबून फोल्डर निवडायचा. नवीन टॅब उघडला की क्रोम विचारतो, हे पान बदललंय, परत गूगलचं करू का? सवयीनं पहिलं दिसेल ते बटण दाबलं जातं, एक्स्टेन्शन बंद होतं आणि माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. ‘कीप इट’ निवडायचं.

पान पांढरं फटक दिसलं तर बहुतेक वेळा एकच कारण: जावास्क्रिप्ट एचटीएमएलच्या आतच लिहिली आहे. एक्स्टेन्शनच्या पानात अशी आत लिहिलेली स्क्रिप्ट चालवायला मनाई असते. बटणाच्या टॅगमध्ये लिहिलेलं ‘ऑनक्लिक’सुद्धा चालत नाही. सगळं तिसऱ्या फायलीत न्या. दुसऱ्या साइटवरून स्क्रिप्ट ओढून आणणंही बंद आहे, आणि ते आपल्याच भल्याचं आहे. एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका नोंदवतो ती जागा, बघितला की लाल अक्षरांत कारण लिहिलेलं सापडतं.

साठ लिंका नकोत, सोळा नोंदी पुरतात

सहा ऑर्ग आणि प्रत्येकातली दहा नेहमीची कामं धरली तर साठ लिंका होतात. एवढ्या हातानं भरल्या की त्यातल्या दोन-तीन चुकतातच, आणि चुकलेली लिंक सापडते ती नको त्या दिवशी. पण सेल्सफोर्सचा पत्ता दोन तुकड्यांचा असतो. पुढचा तुकडा ऑर्गचा: सँडबॉक्स असेल तर कंपनीचं डोमेननाव, दोन जोडरेषा, सँडबॉक्सचं नाव, मग ‘डॉट सँडबॉक्स डॉट माय डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम’. मागचा तुकडा कामाचा, आणि तो सगळ्या ऑर्गमध्ये सारखाच: लाइटनिंग, सेटअप, मग कामाचं नाव, मग होम. युजरसाठी कामाचं नाव ‘मॅनेज युजर्स’ हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता, परवानग्यांच्या संचांसाठी ‘पर्म सेट्स’ तसंच जोडून, फ्लोसाठी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांसाठी, ‘फ्लोज’, डीबग लॉगसाठी, म्हणजे चूक शोधायच्या नोंदींसाठी, ‘एपेक्स डीबग लॉग्ज’, बदल चढवल्याची स्थिती बघायला ‘डिप्लॉय स्टेटस’. इंग्रजीतली मोठी-लहान अक्षरं पत्त्यात दिसतात तशीच ठेवा.

म्हणजे सहा ऑर्ग एका यादीत, दहा कामं दुसऱ्या यादीत, आणि दोन्हींचा गुणाकार स्क्रिप्टनं करायचा. पानावर ओळी ऑर्गच्या, रकाने कामांचे, रेल्वेच्या वेळापत्रकासारखे. नवा सँडबॉक्स आला की एक नोंद वाढवली, दहा लिंका तयार.

मांडणीत मात्र सगळ्या ओळी सारख्या नकोत. प्रॉडची ओळ बाकीच्यांपासून तोडून, मध्ये चार बोटं मोकळी जागा सोडून, तळाशी. प्रॉडला लाल, यूएटीला पिवळा, डेव्हलपरला हिरवा रंग देतात. पण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोकही आपल्यात असतात, तेव्हा ओळीच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत ‘प्रॉड’ लिहिलेलं हवंच. आणि प्रॉडच्या ओळीत दहाच्या दहा कामं द्यायचीच असंही नाही. युजर, लॉगिनचा इतिहास, लॉग, डिप्लॉयची स्थिती एवढ्यावर रोजचं भागतं. फॉर्ममधले रकाने बदलायची जागा, म्हणजे ऑब्जेक्ट मॅनेजर, प्रॉडच्या ओळीत मी ठेवणार नाही. तिथं जायला दोन क्लिक जास्त लागू देत.

सँडबॉक्सच्या ओळीच्या शेवटी शेवटच्या रिफ्रेशची तारीख लिहायला छोटी चौकट ठेवा. रिफ्रेश म्हणजे प्रॉडवरून नक्कल पुन्हा काढणं. डेव्हलपर सँडबॉक्स रोज एकदा, पार्शल कॉपी (थोडी माहिती घेतलेली नक्कल) ५ दिवसांनी, फुल (सगळ्या माहितीसकट नक्कल) २९ दिवसांनी रिफ्रेश करता येतो. तारीख समोर असली की ‘कालचा माझा बदल कुठं गेला?’ याचं उत्तर तिथंच मिळतं. रिफ्रेशनंतर युजरच्या ईमेल पत्त्यांना शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ लागतं, म्हणून ईमेल जात नाहीत. आणि ऑर्गचा ओळखक्रमांक बदलतो, म्हणून तो क्रमांक घालून बनवलेल्या लिंका तुटतात. सँडबॉक्सच्या नावावर बेतलेल्या आपल्या लिंका चालत राहतात.

याद्या साठवायच्या कुठं?

क्रोम एक्स्टेन्शनला दोन कपाटं देतो. ‘सिंक’मधलं तुमच्या गूगल खात्याबरोबर सगळ्या मशीनवर जातं, पण ते लहान आहे: एकूण १,०२,४०० बाइट, आणि एका नोंदीला जास्तीत जास्त ८,१९२. मराठीत नावं देणाऱ्यांनी हिशेब नीट करावा: यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकाला ३. ‘युजर’ला १२ लागतात. सगळी यादी एकाच नोंदीत कोंबली तर कधीतरी जतन होणं थांबतं, आणि चूक स्क्रीनवर दिसत नाही, कन्सोलमध्ये दिसते. प्रत्येक ऑर्गला वेगळी नोंद दिली की हा प्रश्न येतच नाही. ‘लोकल’ कपाट १० एमबीचं, पण त्याच मशीनपुरतं. एक्स्टेन्शन काढलं की तेही गेलं.

जे ग्राहकांच्या ऑर्ग सांभाळतात, त्यांनी लोकलच वापरावं. सँडबॉक्सच्या पत्त्यात ग्राहकाचं नाव आणि बऱ्याचदा प्रकल्पाचं नावही असतं. ते आपल्या वैयक्तिक गूगल खात्यात फिरू देणं बरोबर नाही. पत्त्यातच युजरनेम-पासवर्ड लिहून ठेवायची सवय तर आजच सोडा. तो पत्ता ब्राउझरच्या हिस्ट्रीत जातो.

एक खोड मुद्दाम सांगतो. ‘लोड अनपॅक्ड’नं चढवलेल्या एक्स्टेन्शनची ओळख त्याच्या फोल्डरच्या मार्गावरून बनते. फोल्डर डेस्कटॉपवरून डॉक्युमेंट्समध्ये हलवून पुन्हा लोड केला, की ब्राउझरच्या लेखी ते नवं एक्स्टेन्शन आणि कपाट रिकामं. म्हणून याद्या फायलीत उतरवून घ्यायचं बटण पहिल्या दिवशीच बनवा. प्रॉडसाठी क्रोमचं वेगळं प्रोफाइल वापरत असाल, आणि वापरावंच, तर तिथं एक्स्टेन्शन वेगळं लोड करावं लागतं.

टीममध्ये आठ-दहा ॲडमिन असतील तर आयटी विभागाला सांगून ते सगळ्यांकडे पॉलिसीनं बसवून घ्या. तेव्हा तिसरं कपाट मिळतं, ‘मॅनेज्ड’: ऑर्गची यादी कंपनीकडून येते, वापरणाऱ्याला ती फक्त वाचता येते. यूएटीचं नाव बदललं तर एका ठिकाणी बदलायचं.

“बुकमार्क आहेतच की!”

आहेत, आणि तीन ऑर्गपर्यंत ते पुरतातही. त्यापुढं बुकमार्क पट्टीवर ‘युजर’ नावाचे सहा बुकमार्क होतात, नाव अर्धं कापलेलं दिसतं, आणि यूएटीचा समजून प्रॉडचा दाबला जातो. बुकमार्कला रंग देता येत नाही, पण नावाच्या सुरुवातीला लाल गोळ्याचा इमोजी टाकता येतो. एक्स्टेन्शन नको असेल तर निदान एवढं करा.

“सँडबॉक्समध्ये वरती पट्टी असतेच”

असते. सँडबॉक्सच्या पानावर सगळ्यात वर त्याचं नाव दिसतं. पण प्रॉडवर तशी पट्टी नसते. म्हणजे धोका जिथं आहे तिथं खूण नाही, आणि खूण नसणं डोळ्यांना टिपता येत नाही. शिवाय ती पट्टी दिसते आत गेल्यावर.

“आमची कंपनी एक्स्टेन्शन टाकूच देत नाही”

मग कंपनी बरोबरच करते, तिच्याशी भांडू नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिन’खाली ‘साइट सर्च’ आहे. तिथं ‘ॲड’ दाबा. नाव: यूएटी सेटअप. शॉर्टकट: इंग्रजीत यूएटी. पत्त्याच्या जागी यूएटीचा पूर्ण सेटअप पत्ता, फक्त कामाच्या नावाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान एस. आता नवीन टॅब उघडायचा, यूएटी टाइप करून टॅबची कळ दाबायची, कामाचं नाव लिहायचं, एंटर. कर्सर आधीच पत्त्याच्या पट्टीत असतो, त्यामुळे माउसला हातही लागत नाही. प्रत्येक सँडबॉक्सला असा एक शॉर्टकट द्या. प्रॉडला देताना तो दोन-तीन अक्षरांचा नको, ‘प्रॉडक्शन’ हा पूर्ण शब्द ठेवा, म्हणजे तो चुकून टाइप होणार नाही.